‘टिकणे’ या क्रियापदाचे दोन कर्ते : वृद्ध रुग्णांतील मूत्रपिंड-रोपणाचे निष्कर्ष कसे वाचावेत?

१

वैद्यकाच्या विषयावर लेखणी चालविण्याचा अधिकार भाषाशास्त्राच्या अध्यापकाला कोठून आला, असा प्रश्न हा लेख पाहताच वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर प्रारंभीच देऊन टाकणे बरे. गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या मामांची मूत्रपिंडे निकामी झाली. वय ६८, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मूत्रपिंडाचे रोपण करून घ्यावे की नाही, याविषयी कुटुंबाने दोन तज्ज्ञांचा सल्ला घेतला. पहिल्यांचे म्हणणे असे, की या वयात बसविलेल्या किडन्यांपैकी पुष्कळशा दहा वर्षे पुऱ्या करीत नाहीत. दुसरे म्हणाले, की या वयात शरीर किडनी सहसा नाकारीत नाही. बहुतेकांची अखेरपर्यंत टिकते. दोघेही अनुभवी, दोघेही सज्जन. घरच्यांनी मात्र असा निष्कर्ष काढला, की दोघांपैकी एकाचे चुकत असले पाहिजे. एकट्या मामींनी वेगळाच प्रश्न विचारला : “अखेरपर्यंत म्हणजे कोणाच्या? किडनीच्या की माणसाच्या?”

हा प्रश्न व्याकरणाचा आहे, आणि वृद्धांतील मूत्रपिंड-रोपणाविषयीचा सारा आकडेवारीचा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो, असे त्यानंतरच्या वाचनात दिसून आले. ‘टिकणे’ या क्रियापदाला येथे दोन कर्ते संभवतात. एक रुग्ण आणि दुसरा त्याच्या देहात बसविलेला अवयव. तारुण्यात या दोन कर्त्यांचे भवितव्य बरेचसे वेगळे असते; वार्धक्यात ते एकमेकांत गुंतते. ही गुंतागुंत उलगडून दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणत्याही रुग्णाला सल्ला देण्याचा यात उद्देश नाही.

२

प्रथम ‘अस्वीकार’ या संज्ञेचा विचार करू. अवयव-रोपणाची परिभाषा पाश्चात्त्य वैद्यकाने मुळात बागाइतीतून उचलली. आपल्याकडेही ‘कलम’ हा शब्द तेथलाच. कोकणातील बागाइतदार रायवळ आंब्याच्या खुंटावर हापुसाची काडी बांधतो, आणि नीट बांधली गेल्यास ती जीव धरते. खुंट आणि काडी यांची जात जुळली, की वनस्पती ‘हे माझे नव्हे’ असे म्हणत नाही. प्राण्याचे शरीर मात्र असे म्हणते. आपल्या शरीराच्या पेशींवर प्रतिजनांच्या रूपाने एक प्रकारची ओळखखूण असते. मानवात या खुणांपैकी सर्वांत महत्त्वाच्या खुणा एच. एल. ए. या नावाने ओळखल्या जातात, आणि त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. ही खूण परकी दिसली की श्वेतपेशींतील ‘टी’ पेशी त्या अवयवावर चाल करून जातात आणि अन्य पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. या घटनेस अस्वीकार म्हणतात.

ही घटना प्रतिकारशक्तीचीच आहे, हे सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ग्लासगो येथे थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाचे कातडे लावून पाहिले आणि आपले निरीक्षण १९४३ साली प्रसिद्ध केले. पहिल्या वेळी लावलेले कातडे काही काळाने गळाले. त्याच भावाचे दुसऱ्यांदा लावलेले कातडे त्याहून लवकर गळाले. म्हणजे शरीराने पहिली भेट स्मरणात ठेविली होती. स्मरण हा प्रतिकारशक्तीचा विशेष होय. पुढे मेडावर यांना १९६० साली फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी आणि त्यांचे सहकारी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात बसविले. दोघेही एकाच बीजापासून जन्मलेले असल्याने परकेपणाचा प्रश्नच उद्भवला नाही. रुग्ण त्यानंतर आठ वर्षे जगला. जुळा भाऊ नसलेल्यांसाठी मात्र प्रतिकार दडपणारी औषधे शोधावी लागली. १९६०च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रीन व स्टेरॉइड, १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट अशी ही परंपरा आहे.

अस्वीकाराचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगतात. शरीरात आधीपासूनच विरोधी प्रतिपिंडे असतील तर काही मिनिटांत वा तासांत मूत्रपिंड काळवंडते. हा अतितीव्र अस्वीकार. रोपणापूर्वी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त यांची जुळणी तपासली जात असल्याने तो आता क्वचितच आढळतो. दुसरा तीव्र अस्वीकार. तो विशेषतः पहिल्या काही महिन्यांत होतो आणि औषधांनी बहुधा आवरता येतो. तिसरा जीर्ण अस्वीकार. तो वर्षानुवर्षे हळूहळू चालतो, आणि त्यावर अद्याप खात्रीचा उपाय नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ‘नाकारणे’ हे इच्छाधारी कर्त्याचे क्रियापद आहे. “त्यांनी किडनी नाकारली” या वाक्यात ‘त्यांनी’ म्हणजे रुग्णाने असाच अर्थ सहज होतो. आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकणाऱ्या नातेवाइकांना रुग्णाने मनाने खचून किडनी ‘घेतली नाही’ असे वाटल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. वस्तुतः या क्रियेत इच्छेला कोणतेही स्थान नाही.

३

आता वार्धक्याकडे वळू. छातीच्या हाडामागे असलेल्या एका ग्रंथीला मराठी विश्वकोशाने ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आहे. तिचे सामान्य नाव थायमस. मराठी नाव अन्वर्थक आहे. कारण वयात येण्याच्या सुमारास ही ग्रंथी झिजू लागते आणि उतारवयात तिचे बहुतांशी चरबीत रूपांतर होते. ‘टी’ पेशी येथेच तयार होऊन बाहेर पडतात. ग्रंथी झिजली की नवख्या, म्हणजे अद्याप कोणत्याही परक्या खुणेशी गाठ न पडलेल्या पेशींचा पुरवठा आटतो. पूर्वीच्या लढायांची स्मृती बाळगणाऱ्या जुन्या पेशी तेवढ्या उरतात. साहजिकच एखादा सर्वस्वी नवा परका अवयव समोर आला, तर वृद्ध शरीराचा प्रतिकार मंद असतो. वाढत्या वयाबरोबर तीव्र अस्वीकाराचे प्रमाण घटते, असा जो अनुभव सर्वत्र आढळतो, त्याचे एक प्रमुख कारण हे. मामांच्या दुसऱ्या सल्लागारांच्या विधानाचा पूर्वार्ध येथे खरा ठरतो.

तथापि या विधानाला तीन पुरवण्या जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

पहिली पुरवणी अशी, की स्मृती नेहमीच निरुपद्रवी नसते. ज्यांना पूर्वी रक्त चढविले गेले आहे, ज्या स्त्रियांची अनेक बाळंतपणे झाली आहेत, ज्यांचे पूर्वी एकदा रोपण झाले आहे, त्यांच्या शरीरात परक्या खुणांविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असू शकतात. आयुष्य जितके लांब, तितके असे प्रसंग घडून गेलेले असण्याचा संभव अधिक.

दुसरी पुरवणी बसविलेल्या मूत्रपिंडाविषयीची. वृद्ध रुग्णाला मिळणारे मूत्रपिंड पुष्कळदा वृद्ध दात्याचेच असते. वयाबरोबर मूत्रपिंडातील गाळणीचे घटक कमी झालेले असतात, शीतपेटीत काढलेल्या तासांचा आघात त्याला अधिक बाधतो, आणि अशा आघाताने सुजलेला अवयव प्रतिकारशक्तीचे लक्ष अधिक वेधून घेतो. शिवाय अस्वीकाराचा एखादा झटका येऊन गेला, तर तरुण मूत्रपिंड जसे सावरते तसे जुने सावरत नाही. म्हणजे वृद्धांत अस्वीकार कमी वेळा होतो, पण झाला तर अधिक महागात पडतो.

तिसरी पुरवणी सर्वांत महत्त्वाची. प्रतिकार दडपणारी औषधे अवयवापुरतीच प्रतिकारशक्ती दडपीत नाहीत. जंतुसंसर्ग व कर्करोग यांच्याविरुद्धचा पहाराही त्यांनी ढिला होतो. वृद्धाच्या बाबतीत मुळातच अर्धवट झोपी गेलेल्या पहारेकऱ्याला आणखी गुंगी देण्यासारखे हे आहे. टॅक्रोलिमस व स्टेरॉइड यांनी मधुमेह जडू शकतो. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात. वृद्ध शरीरात टॅक्रोलिमसचा निचरा सावकाश होत असल्याने रक्तातील तीच पातळी राखण्यास बहुधा कमी मात्रा पुरते. परंतु ही औषधे ज्या चाचण्यांतून पारखली गेली, त्यांत वृद्ध रुग्णांचा भरणा अल्पच होता. त्यामुळे तरुणांसाठी ठरलेली मात्रा वृद्धांना लागू करताना वैद्याला पुष्कळसे आपल्या विवेकावर विसंबावे लागते.

४

यावरून मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत माणूस ‘जातो’, आणि डोळे, कान, दात हेही ‘जातात’. “किडनी गेली” आणि “माणूस गेला” या दोन वाक्यांत क्रियापद एकच. घटना मात्र अगदी भिन्न. पहिल्या घटनेनंतर रुग्ण डायलिसिसकडे परततो आणि जगत राहतो. दुसऱ्या घटनेत अनेकदा असे असते, की मूत्रपिंड शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम काम करीत होते; रुग्ण हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने गेला. अशा मृत्यूला वैद्यकाच्या परिभाषेत ‘कार्यक्षम मूत्रपिंडासह मृत्यू’ म्हणतात, आणि वृद्ध रुग्णांतील रोपणाच्या समाप्तीचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

आता या मृत्यूची गणना कोठे करावयाची? एक पद्धत असे मानते, की रुग्ण गेला तेव्हा मूत्रपिंडही गेले. दुसरी असे मानते, की मूत्रपिंडाने दगा दिलेला नाही. म्हणून त्या रुग्णाला मृत्यूच्या दिवसापासून गणनेतून वगळावे. तिसऱ्या पद्धतीत मूत्रपिंडाचा विचारच नाही. रुग्ण जिवंत आहे की नाही एवढेच मोजले जाते. फरक किती पडतो, ते पाहण्यासाठी एक सर्वस्वी काल्पनिक उदाहरण घेऊ. ६५ वर्षांवरील १०० जणांचे रोपण झाले. दहा वर्षांत त्यांपैकी ४० जण मूत्रपिंड चालू असतानाच वारले. १५ जणांचे मूत्रपिंड निकामी होऊन ते डायलिसिसवर परतले, आणि त्यांपैकी ८ जण पुढे वारले. उरलेले ४५ जण चालू मूत्रपिंडासह हयात आहेत.

पहिल्या पद्धतीने मूत्रपिंडे टिकण्याचे प्रमाण शेकडा ४५. तिसऱ्या पद्धतीने रुग्ण टिकण्याचे प्रमाण शेकडा ५२. कारण ४५ अधिक डायलिसिसवर हयात असलेले ७. दुसऱ्या पद्धतीचे उत्तर घाईने पाहिल्यास शेकडा ८५ वाटेल. परंतु मृत व्यक्ती त्या त्या वर्षी छेदातून कमी होत असल्याने, मृत्यू व निकामी होण्याच्या घटना कालावधीत सारख्या विखुरल्या आहेत असे धरल्यास ते सुमारे ८० भरते. माणसे तीच, दहा वर्षे तीच, आणि आकडे तीन : ४५, ५२ आणि ८०. यांपैकी एकही खोटा नाही. मामांचे पहिले सल्लागार पहिल्या पद्धतीने बोलत होते आणि दुसरे दुसऱ्या. दुसऱ्यांच्या ‘अखेरपर्यंत’ या शब्दाचा अर्थ माणसाच्या अखेरपर्यंत असा होता, आणि ती अखेर केव्हा येईल याविषयी त्यांच्या वाक्यात काहीच म्हटलेले नव्हते.

प्रत्येक आकड्याला आपले प्रयोजन आहे. औषध अस्वीकाराला किती आवर घालते, हे पाहणाऱ्या संशोधकाला दुसरी पद्धत उपयोगी; कारण हृदयविकाराच्या मृत्यूचा दोष औषधाच्या परिणामकारकतेवर टाकणे अयोग्य. मात्र तोच आकडा एकटा पुढे ठेवल्यास, संसर्गाने झालेले मृत्यू, म्हणजे कदाचित त्याच औषधाची किंमत, दृष्टिआड होते. मिळालेल्या अवयवाचे समाजाने काय केले, हे पाहणाऱ्याला पहिली पद्धत हवी. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना बहुधा तिसरी.

५

तिसरा आकडा हाती आला तरी आणखी एक पद रिकामे राहते. ते म्हणजे ‘कोणाच्या तुलनेत’. रोपण झालेले वृद्ध डायलिसिसवरील वृद्धांपेक्षा अधिक जगतात, हे विधान वरवर निर्णायक वाटते. परंतु रोपणासाठी मुळात धडधाकट वृद्धांचीच निवड होते. तेव्हा हा रोपणाचा गुण की निवडीचा, हे त्या विधानावरून कळत नाही. अमेरिकेत रॉबर्ट वुल्फ व सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही अडचण दूर केली. त्यांनी रोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीत असलेल्यांशी, म्हणजे रोपणास योग्य ठरलेल्या पण अद्याप मूत्रपिंड न मिळालेल्यांशी केली. १९९१ ते १९९७ या काळात मृत दात्याचे पहिले मूत्रपिंड मिळालेले २३,२७५ रुग्ण त्यात होते.

निष्कर्ष दोन पदरी निघाला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोपण झालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीत थांबलेल्यांच्या २.८ पट होता. दीड वर्षानंतर मात्र तो त्यांच्या सुमारे एक-तृतीयांशावर आला. आयुर्मानातील अंदाजित भर २० ते ३९ वयोगटात सुमारे १७ वर्षांची आणि ६० ते ७४ वयोगटात सुमारे ४ वर्षांची होती. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांतही, यादीत थांबलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचा एकूण धोका शेकडा ४१ ने कमी आढळला.

तात्पर्य, वृद्धाला रोपणाचा लाभ होतो. पण तो उधारीचा आहे. आधी धोका पत्करावा लागतो आणि नफा मागाहून येतो. ज्याला मागाहूनचा काळ मिळण्याची आशा आहे, त्याच्यासाठी हा सौदा शहाणपणाचा. ज्याचे हृदय वा फुप्फुसे आताच थकली आहेत, त्याच्यासाठी कदाचित नव्हे. वयाचा आकडा हा या विचारातील एक घटक आहे, सबंध विचार नव्हे.

६

युरोपात या विचाराला व्यवस्थेचे रूप मिळाले. नेदरलंड्समधील लायडन येथे मुख्यालय असलेल्या ‘युरोट्रान्सप्लांट’ या संस्थेने जानेवारी १९९९ पासून ६५ वर्षांवरील दात्यांची मूत्रपिंडे ६५ वर्षांवरील रुग्णांनाच देण्याची योजना सुरू केली. तीत एच. एल. ए. खुणांची जुळणी पाहिली जात नसे. उलट मूत्रपिंड जवळच्याच रुग्णाला देऊन शीतपेटीतील तास वाचविण्यावर भर होता. वृद्ध शरीर अस्वीकार कमी करते हे गृहीतक, आणि वृद्ध अवयवाला वेळ सोसत नाही हे दुसरे, अशा दोन विधानांवर ही योजना उभी होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की रुग्ण व मूत्रपिंड टिकण्याच्या दृष्टीने योजनेने नुकसान झाले नाही आणि रुग्णांची प्रतीक्षा कमी झाली. परंतु अस्वीकाराचे प्रमाण मात्र शेकडा ५ ते १० ने अधिक दिसले. वृद्ध शरीर मंद असले तरी आंधळे नसते, ही गोष्ट या आकड्याने ध्यानात आणून दिली.

७

आपल्याकडील परिस्थितीत हे सारे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंड-रोपणाचा प्रयत्न १९६५ सालीच झाला होता. यशस्वी रोपण वेल्लोर येथे १९७१ साली झाले. तेव्हापासून आजतागायत भारतात बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड अधिक काळ काम देते, ही जमेची बाजू. क्षयासारखे संसर्ग आपल्याकडे अधिक, ही खर्चाची. शिवाय वृद्ध रुग्णाचा दाता म्हणजे बहुधा त्याची वयस्क पत्नी किंवा संसारात पडलेला मुलगा. तेव्हा ‘टिकणे’ या क्रियापदाला येथे तिसरा कर्ता येऊन मिळतो, आणि त्याचा आकडा वर सांगितलेल्या तीनही पद्धतींत नाही.

१९९४ च्या कायद्याने ‘निकटचे नातलग’ म्हणून पतिपत्नी, आईवडील, मुले व भावंडे यांना मान्यता दिली; २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडे त्यांत आली. भाचा त्या यादीत नाही. मराठी नातेव्यवस्थेत मामाच्या घरी भाच्याचा अधिकार मोठा. कायद्याच्या कोशात तो परका आहे, आणि त्याला दान करावयाचे झाल्यास प्राधिकार समितीची अनुमती घ्यावी लागते. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविण्यास ६५ वर्षांची जी वयोमर्यादा होती, ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढून टाकली. यामुळे वृद्धांना दार उघडले; परंतु अवयव थोडे आणि थांबलेले पुष्कळ, ही स्थिती कायम असल्याने, एका वृद्धाची चार वर्षे आणि एका तरुणाची सतरा वर्षे यांचे मोल समाजाने कसे करावे, हा प्रश्नही त्याच दारातून आत आला आहे. त्याचे उत्तर आकडे देणार नाहीत.

८

सारांश, वृद्धांतील रोपणाविषयीचे कोणतेही विधान कानी पडले असता चार गोष्टी विचाराव्यात. टिकले कोण : अवयव की माणूस? चालू मूत्रपिंडासह झालेले मृत्यू कोठे मोजले? तुलना कोणाशी केली? आणि कोणत्या काळानंतरचा हा आकडा आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर परस्परविरोधी वाटणारी बहुतेक विधाने एकमेकांशेजारी नांदू लागतात. वैद्यकशास्त्राची आकडेवारी समजण्यास गणित लागते हे खरे; परंतु त्याआधी वाक्याचा कर्ता शोधावा लागतो, आणि ते काम आपल्या विभागातील कोणत्याही विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे.

मामांनी दोन्ही सल्लागारांकडे पुन्हा जाऊन हेच चार प्रश्न विचारले. या वेळी दोघांच्या उत्तरांत विरोध उरला नाही. मामींनी आपले मूत्रपिंड देऊ केले होते, ते मामांनी घेतले नाही. येथे मात्र ‘नाकारले’ हे क्रियापद त्याच्या खऱ्या अर्थाने वापरता येईल. त्यांनी प्रतीक्षायादीत नाव नोंदविले आहे.